रवा घातलेली काडतुसे

मोंटानातल्या हार्लन बट गावच्या धान्यकोठारावर ऑरिन हाउगन यांनी अडतीस वर्षे वजनकाट्यापाशी नोकरी केली. गहू भरलेला ट्रक काट्यावर चढे, ऑरिन काचेआडून आकडा वाचत, आणि तो आकडा त्यांनी एकदा मोठ्याने उच्चारला की त्यावर ना शेतकरी बोलत असे, ना कंपनी. एका वर्षी कंपनीच्या साहेबाने सुचवून पाहिले होते, की काटा किंचित कंपनीच्या बाजूला झुकला तर कोणाचे काही बिघडणार नाही. ऑरिन यांनी साहेबाला नम्रपणे काट्यावर उभे केले आणि आकडा वाचला. "दोनशे चौदा पौंड. काट्याला एवढंच कळतं, साहेब. तुम्ही कोण, हे त्याला कळत नाही." साहेबाने तो विषय पुन्हा काढला नाही. जेवण मात्र कमी केले, असे गावात सांगतात.

निवृत्तीनंतर मोठा काटा सुटला, पण लहान काटा हाती आला. घरामागच्या गॅरेजात ऑरिन जुन्या धर्तीच्या एकबारी रायफलींसाठी गोळ्या ओतत आणि काडतुसे भरत. नळदुरुस्ती करणाऱ्यांकडून आणलेले जुन्या नळांचे शिसे, त्यात वीस भागांस एक भाग कथील, असे मिश्रण ते गॅसच्या शेगडीवर मुशीत वितळवीत. शिशावर साय धरली की चिमूटभर मेण टाकून ढवळीत, साय काढून टाकीत आणि लांब दांड्याच्या पळीने साच्यात ओतीत. साचा थंड असला तर गोळीला सुरकुत्या पडत. फार तापला तर तिच्यावर दहिवर पडल्यासारखा पांढुरका रंग येई. दोन्ही प्रकारच्या गोळ्या परत मुशीत जात. ज्या देखण्या निघत त्यांचीही सुटका नव्हती. प्रत्येकीचे वजन होई, आणि गव्हाच्या दाण्याएवढा फरक निघाला तरी तिलाही मुशीचीच वाट धरावी लागे.

"एवढ्या परीक्षा तर आपल्या पोरांनीसुद्धा दिल्या नाहीत," त्यांच्या पत्नी अर्डिस म्हणत.

"म्हणूनच एक डेन्व्हरला विमा विकतोय," ऑरिन उत्तर देत.

दर मंगळवारी या कामात त्यांच्यासोबत वेंडेल क्राउस असत. वेंडेल यांनी आयुष्यभर गाडीतून आसपासच्या गुराढोरांच्या रँचांवर टपाल पोचवले होते. बर्फ असो, पूर असो, कुत्रे असो, पत्र गेलेच पाहिजे, असा त्यांचा बाणा होता. आणि कोणती गोष्ट कधी, कुठे, कशी घडली हे खिशातल्या वहीत लिहून ठेवल्याखेरीज त्यांना घास गोड लागत नसे. बावीस वर्षांत रायफलीतून झाडलेल्या प्रत्येक बाराची नोंद त्या वहीत होती : वारा कोणीकडचा, ऊन किती, आणि नेम धरण्याची मागची सरकती नेमपट्टी कोणत्या खुणेपर्यंत उचलली होती; पट्टी जितकी वर, तितकी गोळी वर.

दोघांची नावे गावात नेहमी एकत्रच घेतली जात. बंदुकीच्या काळ्या दारूवर चालणाऱ्या जुन्या रायफलीला जोडीदार लागतोच. बार झाला की तोंडासमोर पांढऱ्या धुराचा असा ढग उभा राहतो की नेमबाजाला आपली गोळी कुठे गेली ते दिसत नाही. शेजारी दुर्बीण लावून बसलेला माणूस ते पाहतो आणि सांगतो. बावीस वर्षे वेंडेल यांचे धुरापलीकडचे डोळे म्हणजे ऑरिन होते आणि ऑरिन यांचे वेंडेल.

नोव्हेंबरात वेंडेल यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, परंतु डावा हात निम्मा गेला आणि ओठाची डावी कड खाली उतरली. हिवाळाभर ते खिडकीपाशी आरामखुर्चीत बसून होते. त्यांच्या पत्नीला जाऊन नऊ वर्षे झाली होती. ऑरिन रोज एक चक्कर मारीत, आणि रोज तेच दृश्य पाहून परत येत : दूरदर्शन संच चालू आहे, आणि वेंडेल तो पाहत नाहीत.

एप्रिलमध्ये ऑरिन यांनी त्यांना जबरदस्तीने माळावर नेले. कैचीसारख्या रोवलेल्या दोन काठ्यांवर रायफल टेकवली, वेंडेल यांना बैठकीवर बसवले आणि एक काडतूस दिले. बार झाला. निकामी डाव्या हाताला रायफल धरवली नाही. तिचा सगळा धक्का उजव्या खांद्याने एकट्याने खाल्ला. वेंडेल पांढरे पडले.

"लागलं?" ऑरिन यांनी विचारले.

"घोड्यानं लाथ मारली, आणि घोडा ओळखीचा होता," वेंडेल म्हणाले. मग रायफल बाजूला ठेवून ते बोलले, "ऐक. जूनमधली पत्र्याच्या मेंढ्यांची मॅच मी खेळणार. दहापैकी पाच मेंढे पाडले तर ठीक. चार झाले तर रायफल बिलिंग्जच्या त्या दुकानदाराला. तो तीन वर्षं मागतोय. मला दया म्हणून माळावर यायचं नाही."

"पाच का? तीन पण चांगले."

"तीन तर अर्डिस पण पाडेल."

"अर्डिस सहा पाडेल. तिचं नाव मध्ये आणू नकोस."

वेंडेल हसले नाहीत. ऑरिन यांना उमगले, की माणूस खरेच बोलतो आहे. रायफल गेली की मंगळवार जाईल, आणि मंगळवार गेला की उरेल ती आरामखुर्ची. ती खुर्ची हळूहळू माणूस गिळते, हे ऑरिन यांनी गावातल्या तिघांच्या बाबतीत पाहिले होते.

मॅचची काडतुसे भरण्याचे काम अर्थातच ऑरिन यांच्याकडे आले. वेंडेल यांना एका हाताने ते जमण्यासारखे नव्हते. मे महिन्यातल्या एका मंगळवारी गॅरेजात एकटेच बसले असताना ऑरिन यांच्या मनात तो विचार आला, आणि एकदा आल्यावर गेला नाही. दारू थोडी कमी घातली तर धक्का कमी बसेल. धक्का कमी बसला तर वेंडेल दहाही बार नीट काढतील.

मात्र काळ्या दारूचा एक कायदा आहे. काडतुसाच्या पितळी पुंगळीत दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहता कामा नये. राहिली तर रायफलीचा घात होतो. दारू कमी केली की उरलेली जागा कशाने तरी भरावीच लागते, आणि जुनीजाणती माणसे त्यासाठी रवा वापरतात. ऑरिन यांनी प्रत्येक पुंगळीत पूर्ण मापाऐवजी पाच-षष्ठांश दारू ओतली, वर रवा भरला, पुठ्ठ्याची चकती बसवली आणि चरबी-मेण लावलेली गोळी दाबली. पंधरा काडतुसे झाली. वजनकाट्यापाशी जन्म घालवलेल्या माणसाने मापात पाप केले होते, आणि तेही आपल्या सर्वांत जवळच्या माणसाच्या मापात.

गोळी हळू जाणार, म्हणजे लांबवर ती खाली पडणार, हे त्यांना ठाऊक होते. पंधरांतली तीन काडतुसे आपल्या रायफलीतून झाडून त्यांनी ते तपासूनही पाहिले : पाचशे यार्डांवर तब्बल चार फूट खाली. नेमपट्टी नऊ खुणा वर घ्यावी लागणार. पण दुर्बिणीवर तर आपणच असणार! 'खाली जातेय, नऊ खुणा वर घे,' असे सांगितले की झाले. वेंडेल यांना कळायचेही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्डिस रव्याचा डबा घेऊन गॅरेजात आल्या. त्यांनी डबा उलटा करून हलवला. आतून काहीच पडले नाही.

"परवा तळाशी दोन चमचे रवा होता. तुझ्या रायफलीला आता न्याहारी लागते का?"

ऑरिन यांना खोटे बोलता येत नसे. त्यांनी सगळे सांगून टाकले. अर्डिस यांनी डबा टेबलावर ठेवला.

"त्याला सांग."

"सांगितलं तर तो ती काडतुसं हातात धरणार नाही. तुला माहीत आहे तो कसा आहे."

"मला तू कसा आहेस तेही माहीत आहे. तुला हे पचणार नाही, ऑरिन. रवा आहे, पण पचणार नाही."

जूनच्या पहिल्या शनिवारी माळावर पन्नासेक माणसे जमली. ओहोळापलीकडच्या उतारावर पाचशे यार्डांवर पोलादी पत्र्याचे दहा मेंढे ओळीने उभे केले होते. इतक्या अंतरावरून ते भाताच्या शितांएवढे दिसत. नियम साधा होता. आधी अंदाज घेण्यासाठी दोन बार, मग दहा बार, प्रत्येक मेंढ्यावर एकच. वेळ पंधरा मिनिटे. मेंढा आडवा झाला पाहिजे; नुसता वाजून उभा राहिला तर धरत नाहीत. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या मार्लिस यांच्या हाती घड्याळ आणि भोंगा होता, आणि त्यांच्या आवाजाला भोंग्याची गरज नव्हती.

"मिस्टर क्राउस, तयार? सुरू!"

वेंडेल यांनी वही उघडून एक पान पाहिले, नेमपट्टी त्या खुणेवर आणली आणि नेम धरला. बार झाला. धुराचा ढग उठला. ऑरिन दुर्बिणीतून पाहत होते. मेंढ्याच्या पायांखाली, बरीच खाली, धूळ उडाली.

"खाली. चार फूट. नऊ खुणा वर घे."

"नऊ?" वेंडेल यांनी मान वळवली. "नऊ खुणा वर घ्यायला मेंढा काय वायोमिंगात उभा आहे?"

"मी जे दिसलं ते सांगतोय."

"माझा बार हलला असेल. थांब." वेंडेल यांनी रायफल उघडली, नळीत लहानशी पुंगी लावली आणि आत दीर्घ श्वास सोडू लागले. श्वासाच्या ओलाव्याने आतली काजळी मऊ राहते, म्हणून प्रत्येक बारानंतर हे करावेच लागते. त्यांचा अर्धा श्वास उतरलेल्या ओठातून बाहेर निसटत होता. "अर्धा रायफलीला, अर्धा मोंटानाला," ते पुटपुटले आणि हवा हुंगू लागले. "कोणीतरी नाश्ता करपवतंय का रे?"

ऑरिन यांनी डोळा दुर्बिणीवरून उचलला नाही.

अंदाजाचा दुसरा बार. धूळ तिथेच.

"वेंडेल, नऊ खुणा. आज हवा जड आहे."

"हवा! हवेनं चार फूट? ऑरिन, तू काट्यावरचा माणूस. थापा तुला शोभत नाहीत." वेंडेल यांनी कशीबशी दोन खुणा पट्टी उचलली. "दोन घेतो. तुझ्या समाधानासाठी. बावीस वर्षं मेंढा याच खुणेवर पडलाय."

मोजणीतला पहिला बार. धूळ, मेंढ्याच्या पायांच्या अलीकडे. दुसरा. धूळ. तिसरा बार होईपर्यंत मागे बाकांवरच्या गप्पा थांबल्या होत्या. लोक सभ्य असले की शांत होतात, आणि ती शांतता शिव्यांपेक्षा वाईट असते.

"खाली," ऑरिन म्हणाले.

वेंडेल यांनी रायफल उघडली, पुंगळी बाहेर काढली, आणि रायफल घोंगडीवर निजवली. ते मेंढ्यांकडे पाहत होते.

"दारू तीच," ते हळूच म्हणाले. "गोळी तीच. रायफल तीच. वहीतली खूण तीच. मग बदललं काय? मीच ना? उरलेली सात तू मार. आणि बिलिंग्जला फोन लाव."

घड्याळ चालू होते. ऑरिन यांना तो सारा बेत आता आपल्यासमोर उघडा पडलेला दिसला, आणि त्यातली चूकही दिसली. त्यांनी वेंडेल यांच्या खांद्याचा विचार केला होता. वेंडेल यांचा केला नव्हता. मित्राला धक्का बसू नये म्हणून खटाटोप केला, आणि त्यानेच मित्राचा स्वतःवरचा विश्वास उडाला.

"वेंडेल," ते म्हणाले, "दारू तीच नाही. मी माप मारलं."

"काय?"

"सहावा हिस्सा कमी घातलीय. सगळ्यांत. एप्रिलमध्ये तुझा खांदा पाहिला आणि... गोळी हळू जाते, म्हणून खाली पडते. तुझी चूक नाही. एकाही बारात नाही. तू तिन्ही वेळा त्याच जागी मारलंस, एका परातीएवढ्या जागेत."

वेंडेल यांनी त्यांच्याकडे पाहिले. "आणि वरची जागा कशानं भरलीस?"

"रव्यानं."

"खायच्या?"

"अर्डिसच्या."

"तरीच म्हटलं नाश्ता करपतोय!" वेंडेल यांचा आवाज आता बाकांपर्यंत पोचला. "अडतीस वर्षं अख्ख्या गावाचा गहू मोजलास, एक दाणा इकडचा तिकडे नाही, आणि म्हातारपणी पहिलं माप मारलंस ते माझं? मीच सापडलो?"

"तुझा खांदा—"

"माझा खांदा माझा आहे! दुखला तर मी दुखवून घेईन! तुला विचारलं होतं मी? लापशी घालून रायफल मारायला लावतोस मला, लोकांसमोर?"

"मिस्टर क्राउस," मार्लिस भोंग्यातून म्हणाल्या, "भांडणाचा वेळ पण धरला जातो. आठ मिनिटं राहिलीत."

बाकांवर हशा पिकला. वेंडेल यांनी मागे वळून मार्लिस यांच्याकडे पाहिले, आणि हिवाळाभरात वेंडेल यांच्या चेहऱ्यावर एवढे रक्त कोणी पाहिले नव्हते. मग त्यांनी उजव्या हाताने रायफल ओढून घेतली.

"किती खुणा म्हणालास?"

"नऊ. दोन घेतल्यास, सात अजून."

"नक्की? का हाही अर्डिसचा हिशेब?"

"माझ्या रायफलीवर तपासलंय. शपथ."

"तुझी शपथ आजच्या दिवस बंद आहे." पण सात खुणा त्यांनी मोजून वर घेतल्या, पुंगी लावून फुंकले, काडतूस सरकवले. बार. धूर. एक... दोन... आणि उताराकडून स्वच्छ घण्ण असा आवाज आला. चौथा मेंढा मागे कलंडला.

"पडला," ऑरिन म्हणाले.

"मला कान आहेत. पुढचं."

पाचवाही पडला. सहाव्याच्या वेळी वारा फिरला आणि गोळी शेपटीमागून निघून गेली. ऑरिन यांनी वाऱ्याचा अंदाज सांगितला, वेंडेल यांनी तो मुकाट्याने मानला, आणि सातवा पडला. आठव्याला डावा हात काठीवरून घसरला. "हा माझा," वेंडेल स्वतःहून म्हणाले, "हा रव्याचा नाही." नववा इतका झटक्यात पडला की बाकांवरून कोणीतरी आरोळी ठोकली.

चार झाले होते. काडतूस एक, मिनिट एक. वेंडेल यांनी घाई केली नाही. पुंगीतून तीन श्वास पूर्ण सोडले, नेम धरला, आणि बार काढला.

एक. दोन. घण्ण!

ऑरिन यांनी दुर्बिणीत पाहिले. गोळी मेंढ्याच्या मागच्या मांडीवर, अगदी कडेला बसली होती. मेंढा हलला. एखाद्या म्हाताऱ्याने खुर्चीतून उठावे की नाही याचा विचार करावा तसा डुलला. आणि उभा राहिला.

"वेळ संपली," मार्लिस म्हणाल्या, आणि या वेळी त्यांनी भोंगा तोंडाला लावला नाही.

वेंडेल यांनी रायफल उघडून रिकामी पुंगळी काढली. मग वेंडेल म्हणाले, "पूर्ण दारू असती तर पडला असता."

"कदाचित."

"कदाचित नाही. पडला असता."

"पडला असता," ऑरिन यांनी कबूल केले. "आणि पहिले तीन पण माझ्यामुळे गेले. वेंडेल, मी फार चुकलो. आता... बिलिंग्जला फोन लावायचा का?"

"कशाला?"

"चारच झाले. तू म्हणाला होतास."

"मी माझ्या काडतुसांचं बोललो होतो. ही तुझी काडतुसं. पहिले तीन बार मी मारलेच नाहीत, ते तू मारलेस, माझ्या खांद्यावरून. उरलेल्या सातांत मी चार पाडले आणि एक वाजवला, एका हातानं, तोंडातून हवा गळत असताना, लापशीवर." ते उठायला धडपडले, ऑरिन यांनी हात पुढे केला, आणि तो त्यांनी घेतला. "आत काय भरलंय ते मला माहीत असलेली दहा काडतुसं मारल्याशिवाय हा निकाल मला मान्य नाही. मार्लिस! ऑगस्टच्या मॅचला माझं नाव लिही. आणि याचं पण लिही, पण माझ्यापासून लांब बसव."

"तुम्हाला दुर्बिणीवर दुसरा कोण देऊ मग?" मार्लिस यांनी विचारले.

वेंडेल यांनी बाकांवर नजर फिरवली. "दुसरा कोण येतो मरायला?" ते म्हणाले. "यालाच राहू दे."

परतताना ऑरिन ट्रक चालवत होते आणि वेंडेल शेजारी बसले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हिरवा गहू वाऱ्याने आडवा होत होता आणि पुन्हा उठत होता. बाराव्या मैलाला वेंडेल यांनी उजवा खांदा एकदा गोल फिरवून पाहिला.

"दुखत नाहीये," ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले.

ऑरिन यांनी नजर रस्त्यावरच ठेवली.

"बारा बार काढले आणि दुखत नाहीये. हे मी तुला सांगणार नव्हतो."

"मी ऐकलं नाही."

"मंगळवारी येतो. साचा उघडायला माझा उजवा पुरे आहे, पळी तू धर. दारू किती घालायची ते मी सांगेन. भरून म्हटलं तर भरून. कमी म्हटलं तर कमी, आणि रवा मी विकत आणेन. पण जे काही त्या पुंगळीत जाईल ते माझ्या डोळ्यांदेखत."

"तुझ्या डोळ्यांदेखत," ऑरिन म्हणाले.

"आणि त्या बिलिंग्जवाल्याला फोन कर," वेंडेल म्हणाले. "सांग त्याला, माल विकायचा नाही."